थांबवून ठेवलेलं वाक्य

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर वाटू दे. माझ्या कानांनी ऐकलं नसतं तर मीही हसण्यावारी नेलं असतं.

रात्रबित्र नव्हती. रविवारची भर दुपार. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाहेर लख्ख ऊन.

घर माझ्या मावसबहिणीचं. ताई एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. भावजी गेले ते कॉम्प्युटरसमोरच, लिहिता लिहिता. त्यांचं लिखाण व्हर्च्युअल मशीनमध्ये असायचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. शेवटचं वाक्य ताईसाठी होतं.

‘तू आलीस की आपण’

बस्स. पुढे नुसता लुकलुकणारा कर्सर.

ताईने ते मशीन बंद केलंच नाही. पॉजवर ठेवलं. दर रविवारी ती ते सुरू करायची, वाक्य वाचायची, पोटभर रडायची आणि पुन्हा थांबवायची. त्या मशीनपुरता तो दिवस अजून संपलाच नव्हता.

त्या रविवारी मात्र घात झाला.

सवयीने तिने कॉम्प्युटरची लिनक्स सिस्टिम अपडेट केली. नवा कर्नल आला, म्हणजे सिस्टिमचा गाभाच बदलला. व्हर्च्युअल मशीनला गाभ्याशी जोडणारं मॉड्यूल जुन्या कर्नलचंच राहिलं. मशीन सुरू होईना. वर साफसफाईच्या नादात बाईसाहेबांनी जुना कर्नलही उडवला. परतीची वाट बंद. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिने मला फोन लावला.

"अगं, मॉड्यूल नव्याने बनव. होईल सुरू."

"बनवतेय रे. पण ते वाक्य गेलं तर मी काय करू?"

तिने कमांड दिली, फोन चालूच टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

आणि मला ऐकू आलं...

टक. टक टक.

कीबोर्ड.

"ताई, इतक्यात आलीस?"

"मी इकडेच आहे..." तिचा आवाज लांबून आला.

टकटक थांबली.

ती धावत आली. खोलीत कोणी नव्हतं. एरवी घरघरणारा कॉम्प्युटरचा पंखाही गप्प होता... अगदी गप्प.

मॉड्यूल मात्र तयार झालं होतं. तिने मशीन सुरू केलं. स्क्रीनवरचं वाक्य आता अर्धवट नव्हतं. मग तिने वाचून दाखवलं.

‘तू आलीस की आपण बोलू. पण दर वेळी थांबवू नकोस. थांबवलंस की इथे अंधार होतो.’

"मी त्यांना जपत होते रे," एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून ते मशीन चालूच आहे. ताई घराबाहेर पडत नाही. मी स्वतः जाऊन ते वाक्य पाहिलं, नाना तर्क लढवले. जे मशीन सुरूच नव्हतं, त्यात लिहिलं कोणी? पुढे एक अक्षरही वाढलं नव्हतं.

कालपर्यंत.

आज ताईचा फोन आला. वायरिंगच्या कामासाठी इमारतीची वीज उद्या दिवसभर बंद राहणार आहे. कॉम्प्युटरची बॅकअप बॅटरी तेवढी टिकणार नाही.

"न सांगता कसं बंद करू?" ती म्हणाली. "म्हणून मी तिथेच लिहिलं, उद्या अंधार होईल."

"मग?"

"उत्तर आलं..."

"काय?"

"‘मग या वेळी तूही ये.’"

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बॅग भर आणि माझ्याकडे राहायला ये. माझी ताई म्हणजे हट्टी बाई, साध्या गोष्टीलाही आधी नाही म्हणणारी.

ती लगेच हो म्हणाली. शांतपणे, हसून.

मी तिला आणायला निघालोय. खरं सांगतो, मला तिच्या त्या हो म्हणण्याचीच भीती वाटतेय.