पावट्याला रात्र हवी

कुंपणभर पावटा माजला होता. हिरवागार, तकतकीत, एकमेकांच्या खांद्यावर चढलेले वेल. आणि फूल? एकही नाही. कार्तिक सरत आला तरी नाही.

मृण्मयी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी कुंपणाशी जायची. पाने उलटून बघायची, शेंडे चाचपायची.

"मिळालं का गं काही?" सगुणामावशी बांधावरून विचारायची.

"नाही."

"उद्या बघ."

पण 'उद्या बघ' हे आता रोजचेच झाले होते, आणि रविवार जवळ येत होता.

रविवारी काय होणार होते ते कळायला उंबरमाळाची शेती कशी चालते ते माहीत हवे. साताऱ्याबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी ही नवी वसाहत. वसाहतीला लागून सगुणामावशीचे शेत. शेत तिचे, पण तिच्या एकटीचे नव्हे. वसाहतीतले प्रत्येक घर हंगामाच्या सुरुवातीलाच आपला वाटा भरायचे. त्यातून बी, खत, डागडुजी व्हायची. मग दर आठवड्याला शेतात जे तयार असेल त्याची टोपली घरी यायची. अमुकच द्या, असे म्हणायचे नाही. शेत जे देईल ते घ्यायचे. भरपूर आले तर सगळ्यांना भरपूर. गारा पडल्या तर सगळ्यांच्याच टोपल्या हलक्या. याला नाव होते वाटेकरी शेती (पिकवणाऱ्याने आणि खाणाऱ्याने मिळकत आणि नुकसान दोन्ही वाटून घ्यायची शेती).

गेल्या वर्षी गारा पडल्याच. जांभळ्या कडेचा हा पावटा त्या खोऱ्याबाहेर कुठे मिळत नसे. त्याचे जे मूठभर बी वाचले, ते मावशीने सगळे कुंपणालगत पेरून टाकले. डब्यात आता एक दाणाही उरला नव्हता.

आणि वाटेकऱ्यांचा धीर सुटला होता. नुसती पाने पोसायची किती दिवस? रविवारच्या बैठकीनंतर वेल उपटायचे आणि तिथे मेथी टाकायची, म्हणजे भोगीला निदान काहीतरी ताजे मिळेल, असे ठरत आले होते. वेल गेले की पावटा गेला. या वर्षापुरता नाही, कायमचा.

उपटायचे काम चांद्याकडे होते. चांद्या म्हणजे शेतातला यंत्रमानव. चार चाके, दोन लांब हात, आणि कपाळावर सौरपट्टी (उन्हापासून वीज करणारी काच). त्या पांढऱ्या पट्टीवरूनच मावशीने त्याला बैलासारखे नाव दिले होते. मराठी तो शेतकी पत्रकांतून शिकला होता आणि बोलायचाही तसाच.

"चांद्या, तू खरंच उपटणार?" मृण्मयीने शुक्रवारी दुपारी त्याला विचारले.

"सदर कार्य रविवारी सायंकाळी नियोजित आहे."

"पण फुलं का येत नाहीत ते तरी सांग."

"माती योग्य. ओल योग्य. कीड आढळली नाही. कारण उपलब्ध नाही."

"अरे, माणसासारखं बोल की!" मावशी वैतागली. तिने शेतीचे रीतसर शिक्षण घेतले होते, पण तिलाही काही सुचत नव्हते. "बियात भेसळ झाली असणार. दुसरं काय!"

मृण्मयीला ते पटेना. ती पुन्हा कुंपणाच्या कडेने निघाली. मनगटावरचा पट्टा थरथरला. आई.

"मृणू, पंपाकडे गवत वाढलंय. तिकडे जाऊ नकोस. बूट घातलेत ना?"

"घातलेत."

"आणि सावकाश."

मृण्मयी सावकाश गेली, पण पंपाकडेच. तिथे पंप झाकायला पत्र्याचा उभा खोका होता. त्याच्या मागे वाकून तिने पाहिले आणि ती किंचाळलीच.

"मावशी! फूल!"

पांढरट जांभळा तुरा. शेजारी आणखी एक. खोक्यामागच्या वेलीला तुरे लागले होते, आणि खोक्याची कड संपली की लगेच नुसती पाने. कुणी रेघ मारून ठेवावी तसे.

"म्हणजे बी चांगलं आहे!" मावशी म्हणाली. "हा वेल तर शेजारच्याच आळ्यातला आहे. त्याच मुळाची ही दुसरी फांदी नुसतीच वाढलीय."

"मग इथे वेगळं काय आहे?" मृण्मयीने चांद्याकडे पाहिले.

चांद्याने हात लांबवून मोजमापे घेतली. "माती समान. ओल समान. दिवसाचा प्रकाश जवळजवळ समान."

"आणि रात्रीचा?"

"रात्रीची नोंद उपलब्ध नाही. सूर्यास्तानंतर मी गोठ्यात विद्युतभारणासाठी (वीज भरून घेण्यासाठी) उभा असतो."

मृण्मयीने तुऱ्यावरून बोट फिरवले. मग तिने विचारले, "चांद्या, आता फुलायचे दिवस आले हे वेलीला कळतं कसं?"

चांद्याच्या डोळ्यांतले दिवे लुकलुकले. "हा प्रश्न मला आजवर कोणीही विचारला नव्हता. फुले का नाहीत, एवढेच विचारले गेले."

"आता विचारलाय ना, मग बोल बाबा!" मावशी म्हणाली.

चांद्या सांगू लागला, आणि मृण्मयी मध्ये मध्ये अडवून त्याची पत्रके फोडून घेऊ लागली. त्यातून निघाले ते असे. पाऊस ऋतू सांगतो खरा, पण तो लबाड. कधी लवकर येतो, कधी लांबतो. थंडीचाही आता भरवसा राहिलेला नाही. एक गोष्ट मात्र कधी चुकत नाही, ती म्हणजे रात्रीची लांबी. पावसाळ्यात रात्र लहान असते. दसरा-दिवाळीपासून ती लांबत जाते, दरवर्षी अगदी तशीच. म्हणून पावट्याने रात्रच मोजायचे ठरवले. रात्र पुरेशी लांब झाली म्हणजे पाऊस सरला, आता शेंगा कुजणार नाहीत, फुलायला हरकत नाही.

"पण मोजतो कसा? त्याच्याकडे घड्याळ आहे?"

"पानांत एक रंगद्रव्य असते (रंग धरणारा पदार्थ). प्रकाशात त्याचे एक रूप असते. अंधार झाला की ते हळूहळू दुसऱ्या रूपात जाऊ लागते. अंधार सलग व दीर्घ असल्यास वेलीस फुलण्याचा संदेश मिळतो. मध्येच प्रकाश पडल्यास ते मूळ रूपावर परतते."

"म्हणजे विरजण लावलेलं भांडं," मावशी म्हणाली. "न हलवता ठेवलं तर दही लागतं. सारखं कुणी हलवत बसलं तर कसलं दही!"

"उपमा अंशतः योग्य," चांद्या म्हणाला.

"अंशतः म्हणे! बघ कसा तोलून बोलतोय."

मृण्मयी हसली नाही. ती कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे बघत होती. रस्त्यावर दिव्यांचे खांब होते. नवेकोरे. याच वर्षी लागलेले.

आणि ते कुणी लावून घेतले होते हे तिला पक्के माहीत होते.

उन्हाळ्यात विहिरीजवळ बिबट्याचे ठसे दिसले होते. मृण्मयीचे बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला. महिनोन्‌महिने घरी नसत. आई, म्हणजे अनुजा, तेव्हापासून दाराची कडी लावली तरी पुन्हा उठून बघायची. तिनेच दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि रस्ता रात्रभर उजळून टाकला.

सूर्य डोंगराआड गेला. अनुजा रोजच्यासारखी मृण्मयीला न्यायला आली. "चल, अंधार पडेल आता."

"आई, थोडं थांब. दिवे लागू देत."

"ते कशाला?"

तेवढ्यात दिवे लागले. रस्ताच काय, कुंपणही पांढरे झाले. पंपाच्या खोक्याची काळी सावली वेलींवर पडली. त्या सावलीत तुरे होते. सावली संपली तिथे तुरे संपले. कड अन् कड जुळत होती.

अनुजा बघत राहिली. मृण्मयीने तिला सगळे सांगितले, घाईघाईने, श्वास न घेता. रंगद्रव्य, विरजण, सगळे.

"म्हणजे माझ्या दिव्यांमुळे?" अनुजा म्हणाली.

"बंद करता येतील ना?"

"नाही." अनुजाने तिचा हात धरला. जरा जास्तच घट्ट. "काळोखात बिबट्या दिसत नाही, मृणू. पावटा नाही मिळाला तर मेथी खाऊ आपण."

"आणि बी?"

अनुजा तिला घेऊन चालू लागली. घरी जाईपर्यंत ती सारखी मागे वळून बघत होती.

शनिवारी संध्याकाळी मात्र ती एकटीच पुन्हा रस्त्यावर आली. मृण्मयी खिडकीतून बघत होती. आई दिव्याखाली उभी राहायची, चार पावले पुढे जायची, पायाखाली बघायची, वर बघायची. मग दुसऱ्या दिव्याखाली. शेजारच्यांनी विचारले, "काही हरवलं का?" तिने नुसती मान हलवली.

रविवारी बैठक बसली. मृण्मयीने तुरा आणि सावली यांचा हिशेब मांडला. ऐकून देशमाने काका मोठ्याने हसले. हे काका वसाहतीतले सगळ्यांत जुने वाटेकरी आणि कुरकुरण्यात पहिले.

"वा! म्हणजे पावट्याला झोप लागत नाही म्हणून आम्ही चाचपडत चालायचं? त्याला अंगाईही म्हणू का?"

"तुम्ही म्हणू नका हो," सगुणामावशी म्हणाली, "असेल ते पानही गळेल."

हशा पिकला. मृण्मयीचे डोळे भरून आले. चांद्या दारात उभा होता. उपटायचे चिमटे त्याच्या हाताला आधीच बसवले होते.

मग अनुजा उठली. "दिवे मी मागितले. भीती मला अजूनही वाटते, आणि ती बिनकामाची नाही. पण काल मी दिव्यांखाली उभी राहून पाहिलं. निम्मा उजेड शेतात जातो. विहिरीकडचं वळण, जिथे ठसे दिसले होते, ते तर अंधारातच आहे. डोळे दिपलेले असतात, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही."

तिने बाहेरच्या खांबांकडे बोट केले.

"दिव्यांना टोप्या घालू. उजेड खाली, फक्त रस्त्यावर पडेल. माणूस चालत आला की लागतील, गेला की विझतील. एक दिवा विहिरीच्या वळणावर हलवू. आणि चांद्या," ती त्याच्याकडे वळली, "तुला वीज दुपारच्या उन्हात भरून घेता येणार नाही का?"

"येईल."

"मग रात्री गोठ्यात काय करतोस?"

"विद्युतभारण. अन्य काहीही नाही," चांद्या म्हणाला. "माझ्याकडे उष्णता पाहणारा डोळा आहे (अंगाच्या उबेवरून अंधारात प्राणी ओळखणारा कॅमेरा). मला राखणीस कोणी सांगितले नव्हते."

"आता सांगतेय. आणि ते हातातलं काढून ठेव आधी."

देशमाने काका पुटपुटले, "भोगीला पावटा मिळणार का पण?"

"नाही," मावशी सरळ म्हणाली. "या भोगीला नाही. वाट बघावी लागेल, आणि ती सगळ्यांनीच बघायची. वाटा आहे ना तुमचा?"

काकांनी नाक मुरडले. मात्र हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांचाही हात वर गेला. जरा उशिरा, पण गेला.

त्या रात्रीपासून कुंपणावर काळोख पडू लागला. अनुजाला पहिले काही दिवस झोपच लागेना. चांद्याने एकदा विहिरीपाशी कोल्हा आणि एकदा देशमाने काकांचे मांजर पकडल्याची नोंद केली. मृण्मयी रोज शेंडे चाचपत होती. काही नाही. अजून काही नाही. भोगी आली, पावट्यावाचूनच झाली. काकांनी भाजी खाताना दोनदा उसासा टाकला.

पण त्याआधीच पौषातल्या एका सकाळी खोक्यापासून दूर, भर दिव्यासमोरच्या वेलीला बारीक, हिरव्या मण्यांसारख्या कळ्या दिसल्या होत्या. मृण्मयीने कुणाला हाक मारली नाही. ती धावत घरी गेली आणि आईला हात धरून घेऊन आली.

माघात शेंगा भरल्या. उशिरा, कमी, पण भरल्या. मावशीने त्या खाऊ दिल्या नाहीत. एकूण एक वाळवल्या. जांभळ्या कडेचे दाणे राखेत घोळले आणि वाट्यावाट्याने प्रत्येक घरी दिले. एकाच डब्यात सगळे बी ठेवायचे दिवस संपले, असे ती म्हणाली. एका घरचे गेले तर दुसऱ्या घरचे राहील.

अनुजाने आपला वाटा काचेच्या बरणीत भरून फडताळात ठेवला. दुसऱ्या दिवशी मृण्मयीने पाहिले, तर आई बरणी उजेडात धरून एकेक दाणा निरखत होती.

"काय बघतेस?"

"भुंगा लागला नाही ना, ते." अनुजाने झाकण पुन्हा आवळले. जरा थांबली, आणि पुन्हा एकदा आवळले. "पावसाळ्यापर्यंत सांभाळायचंय ना."