दोन बोटं

मे महिन्यातल्या त्या सकाळी प्रशिक गजभियेनं आपल्या नऊ वर्षांच्या, हिंदी शाळेत शिकणाऱ्या पोरीला, साक्षीला, समता कॉलोनीत बहिणीकडं सोडलं. बहिणीनं, विनोदिनीनं, अर्धा कप चहा पाजल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तो चहा पिऊन बाहेर येतो तर मोटारसायकलच्या आरशांवर टांगलेली दोन्ही हेल्मेटं गायब. एक त्याचं, एक साक्षीचं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि नऊ वाजायच्या आतच ऊन चटके द्यायला लागलं होतं.

दुसरा कोणी असता तर चोराच्या नावानं दोन शिव्या हासडून बोडक्या डोक्यानंच निघाला असता. पण प्रशिक उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर होता. त्यातून आज मोठ्या ऑफिसातून तपासणी यायची होती, आणि गेटवर कॅमेरा होता. दर सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी तो कामगारांना गेटसमोर रांगेत उभं करायचा आणि गाडी कशी चालवावी ते सांगायचा. दोन्ही ब्रेक एकदम दाबा. वळायच्या आधी मान वळवून खांद्यावरून मागं बघा, नुसत्या आरशावर विसंबू नका. ट्रकच्या डाव्या कुशीत शिरू नका, तिथं तुम्ही ड्रायव्हरला दिसतच नाही. हेल्मेटचा पट्टा ‘कट्’ वाजेपर्यंत लावा, आणि पट्टा नि हनुवटीच्या मधे दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. मग तो एकेकासमोर उभा राहून प्रत्येकाच्या हनुवटीखाली आपली दोन बोटं घालून बघायचा.

हे काम त्याला चोख येत होतं, पण त्याची त्याला मनापासून किळस होती. घामानं चिकचिकणारे गळे, दाढीच्या खुंटांत अडकलेली खैनी, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेली गुटख्याची लाल लाळ. प्रत्येक गळ्यानंतर तो बोटं रुमालाला पुसायचा आणि खिशातल्या बाटलीतलं सॅनिटायझर चोळायचा, तेही ज्याचा गळा त्याच्यासमोरच. घरी जेवायला बसला तरी घास तोंडात घालायच्या आधी बोटं हुंगून पाहायची त्याला सवय लागली होती.

गेटच्या बाहेर भीमाबाईची चहाची टपरी होती. टपरीच्या पत्र्याखाली सात खिळे, आणि सात खिळ्यांवर सात हेल्मेटं. ती भाड्याची. हेल्मेटशिवाय गाडी आत सोडत नाहीत म्हणून कामगार तिथं एक डोक्यावर चढवायचा, दोनशे पावलांवरच्या पार्किंगपर्यंत जायचा, आणि सुटी झाली की परत आणून टांगून घरी बोडकाच जायचा. सकाळच्या पाळीचं डोकं बाहेर निघालं की दुपारच्या पाळीचं डोकं त्याच ओल्या फोममध्ये शिरायचं. प्रशिकला हे सगळं ठाऊक होतं. गेटवरच्या फळ्यावर ‘हेल्मेट : शंभर टक्के’ हे त्यानंच रंगवून घेतलं होतं, आणि तो फळा खरा ठेवायचं काम भीमाबाई करत होती. टपरीपुढून जाताना तो नाक मुरडायचा, पण तोंडातून कधी शब्द काढला नव्हता.

एवढ्या सकाळी वाटेत कोणी हेल्मेटवाला बसलेला नव्हता, म्हणून बोडक्यानंच येऊन आज त्याच टपरीपुढं त्यानं गाडी उभी केली.

“जय भीम, भीमाबाई. एक हेल्मेट द्या.”

“तुम्हाले?” भीमाबाईच्या हातातली गाळणी हातातच राहिली. “तुमचं काय झालं, साहेब?”

“चोरीला गेलं.”

“एकच हाये आता. बाकीचे नेले पोट्ट्यांनी.” ती आवाज खाली आणून म्हणाली, “धुतलं हाये म्या ते... दोनदा धुतलं.”

काळं हेल्मेट होतं. उजव्या अंगाला पार खरवडलेलं. पट्ट्याची दोन टोकं नुसती लोंबत होती, त्यांना कडी नव्हती. प्रशिकनं श्वास कोंडून ते डोक्यावर ओढलं. बाहेर अंगाची लाही होत होती, पण आतला फोम गार होता, आणि ओला होता. दाबला तसं पाणी त्याच्या कानामागून मानेवर उतरलं. शेवटी श्वास घ्यावाच लागला. आवळ्याचं तेल. खैनी. धुण्याची पावडर. आणि ह्या सगळ्यांच्या खाली आणखी एक वास, मटणाच्या दुकानाची फरशी धुतल्यावर बाहेरच्या नालीला येतो तसला. दोनशेच पावलं, असं स्वतःला बजावत त्यानं गाडी सुरू केली.

कट्.

आवाज अगदी हनुवटीखाली झाला. त्यानं डावा हात नेऊन चाचपलं. पट्ट्याची दोन्ही टोकं खांद्यांवर मोकळी लोंबत होती. आणि हात परत हँडलवर ठेवला न ठेवला तोच, हनुवटीच्या हाडाखाली काहीतरी सरकलं. दोन बोटं. खरबरीत, गार, ओली. त्यांनी एकदा दाबून पाहिलं आणि ती निघून गेली.

गेट कसं ओलांडलं हे त्याला पुढं आठवेना. पार्किंगमध्ये त्यानं हेल्मेट डोक्यावरून उपटलं, खांबाआड जाऊन भडाभडा ओकला आणि बाटलीतलं सगळं सॅनिटायझर गळ्याला चोळलं. संडासातल्या आरशात त्यानं मान वर करून पाहिलं. हनुवटीखाली दोन काळे ठसे होते. मिलच्या धुळीचे असावेत तसे. साबणानं ते जाईनात. घासून घासून कातडी सोलवटली, तरी ठसे होते तसेच.

तपासणीवाले साहेब लस्सी पिऊन, फळ्याची वाहवा करून गेले. प्रशिक दिवसभर रुमालानं गळा पुसत राहिला.

सहाच्या सुमारास बाहेर पडला तेव्हा अंधड सुटलं होतं. पश्चिमेकडून तांबूस-काळी धूळ चाल करून येत होती, दिवस मावळायच्या आधीच दिवे लागले होते. भीमाबाई घाईघाईनं टपरीचं पोतं खाली सोडत होती.

“हे घ्या परत,” प्रशिकनं हेल्मेट पुढं केलं. “काय वास मारून राहिलं हे! कोण घालत होतं?”

भीमाबाईनं हात पुढं केला नाही.

“राकेश,” ती म्हणाली. “त्यानं नेलं होतं शेवटी.”

राकेश भट्टीवर कामाला होता, चाळिशीचा, अबोल माणूस. बारा दिवसांपूर्वीच्या सोमवारी तो रांगेतून पुढं येऊन प्रशिकसमोर मान वर करून उभा राहिला होता. “कड़ी टूट गे हे, साहेब. एक बार देख लो ना.” गळ्यावर काळा घाम, हनुवटीवरून लोंबणारी खैनीच्या लाळेची तार. प्रशिकनं दोन बोटं उचलली होती, आणि त्या तारेकडं पाहून मागं घेतली होती. दोनशे पावलांसाठी कशाला हात घाण करायचा? “ठीक है, ठीक है. जा,” असं म्हणून तो पुढच्याकडं वळला होता.

“त्या दिवशी संध्याकाळी मले म्हणे, बाई, घरापर्यंत नेतो हे, सकाळी आणतो,” भीमाबाई सांगू लागली. “म्या म्हटलं, काहून रे? तर म्हणे, साहेब इतकं सांगतेत, खरंच असन. पट्ट्याले गाठ मारली आन् गेला. पुढच्या वळणावर ट्रक... गाठ सुटली न साहेब. हे जाऊन पडलं नालीत.”

बाकीचं प्रशिकला माहीत होतं. राकेश जागीच गेला होता. अहवाल त्यानंच लिहिला होता. ‘हेल्मेट घातलेले नव्हते.’ तसं लिहिलं नसतं तर कोणीतरी विचारलं असतं, हेल्मेट कोणाचं, कडी का नव्हती, तपासलं कोणी. तीन शब्दांत सगळं मिटलं होतं. आता ते शब्द आठवले, आणि दिवसभर हेल्मेटची वाटत होती त्याहून जास्त किळस त्याला स्वतःची वाटली.

“आन् तुम्ही हे परत टांगलं?” तो ओरडला.

“फेकू कशी? नालीतून काढलं, धुतलं, टांगलं. बारा दिवस कोणी हात लावला नाही. तुम्हीच पहिले.” तिनं पोतं पुरतं खाली ओढलं आणि आतून म्हणाली, “मले नको ते आता. घरापर्यंत न्या, साहेब. तुम्हीच त सांगता सोमवारी.”

गेटपाशी सुटलेले कामगार उभे होते, त्याच्याकडंच बघत होते. त्यांच्यासमोर ते नालीत भिरकावायची त्याची छाती झाली नाही, आणि डोक्यावर तर तो मेला तरी घालणार नव्हता. शेवटी ज्यांच्यावर तो दर सोमवारी तोंडसुख घ्यायचा त्यांच्यासारखंच त्यानं ते कोपरात अडकवलं आणि निघाला. वाटेत नवं घ्यावं म्हटलं तर अंधडामुळं रस्त्यावरचे हेल्मेटवाले पसारा गुंडाळून गेले होते. डोळ्यांत धूळ, दातांखाली धूळ. कोपरातून मात्र काहीतरी ठिबकत होतं, थेट मनगटापर्यंत.

समता कॉलोनीत शिरेपर्यंत त्याचं ठरलं होतं. साक्षी आज आत्याकडंच राहील. मोटारसायकलवर तिला बोडकं न्यायचं नाही, आणि हे घाणेरडं ओझं तर पोरीच्या केसालाही लागू द्यायचं नाही. बाकी काय व्हायचं ते होवो. त्यानं हेल्मेट समोरच्या घराच्या कुंपणाआड, कचऱ्याच्या ढिगावर टाकलं, वरून एक फाटका खोका झाकला आणि मगच बहिणीचं दार वाजवलं.

“ती आज इथंच राहू दे,” तो विनोदिनीला म्हणाला. “वादळ आहे.”

“इथं कुठं आहे ती?” विनोदिनी म्हणाली. “गाडीचा आवाज ऐकला न् मागच्या दारानं पळाली. तुझ्या गाडीवर बसली असन.”

प्रशिक वळला. धुळीत फाटकाजवळ मोटारसायकल उभी होती. मागच्या सीटवर साक्षी पाय हलवत बसली होती, आणि तिच्या डोक्यावर, पार खांद्यांपर्यंत उतरलेलं, ते काळं हेल्मेट होतं.

“पप्पा, चलो ना. तूफान आ रहा है.”

“काढ ते! साक्षी, काढ आधी!”

“आप ही तो बोलते हो, बिना हेल्मेट के नहीं बैठना,” आतून तिचा आवाज दबका येत होता. “गाड़ी पे ही रखा था.”

तो धावला. हेल्मेट दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यानं वर ओढलं. लहानशा डोक्यावर ते सैल असायला हवं होतं, पण हलेना.

कट्.

पट्ट्याची दोन टोकं वाऱ्यावर फडफडत होती.

“खींचो मत ना, पप्पा,” साक्षी कळवळली. “पहले उंगली निकालो वहाँ से... गीली है.”

प्रशिकनं आपल्या हातांकडं पाहिलं. दोन्ही हात हेल्मेटवर होते, दहाच्या दहा बोटं त्याला दिसत होती. विनोदिनी दारातून काहीतरी विचारत होती, ते त्याला ऐकू आलं नाही. साक्षीनं हळूहळू मान वर केली, कोणीतरी तपासायला सांगावं तशी, आणि तिचे हलणारे पाय थांबले.

“आपने कुछ बोला?” तिनं विचारलं.

“नाही... नाही बेटा.”

“बोला ना अभी. ‘ठीक है, ठीक है. जा.’” मग अगदी हळू म्हणाली, “कहाँ जाऊँ, पप्पा?”