चार वाजताची हजेरी

कुणी शपथ घालून भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी उठून जाते. आज मीच सांगायला बसले आहे, म्हणून शपथ घालत नाही. घडलं तेवढं सांगते. साक्षीला अकरा जण आहेत आणि अकराही जिवंत आहेत.

तारीख अठ्ठावीस डिसेंबर. चार वर्षं झाली.

वेळ रात्रीची नाही... दुपारचे चार.

गाव कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं, कोमो हार्बर. शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडणाऱ्यांची वस्ती. बारा बोटी, एक धक्का, एक चर्च. माझं लग्न होऊन मी इथे आले त्याला आता सोळा वर्षं होतील, आणि तेव्हापासून लॉरेट माझी शेजारीण.

लॉरेटचा सासरा ओनेझिम. तीस वर्षं हा म्हातारा स्वयंपाकघरातल्या बिनतारी रेडिओवरून रोज चारला समुद्रावरच्या बोटींना हवामान वाचून दाखवायचा. सरकारी अंदाज बोटीवरही ऐकू येतो, नाही असं नाही. पण इंजिन घरघरतंय, हात सापळ्याच्या दोरात अडकलेत, तेव्हा लक्ष देणार कोण? म्हाताऱ्याचा आवाज मात्र सगळे कान देऊन ऐकत. वाचून झालं की तो एकेका तांडेलाचं, बोटीच्या म्होरक्याचं, नाव घ्यायचा, आणि त्या तांडेलाने ‘ऐकलं’ म्हणायचं. झाली हजेरी.

त्याचा एकच नियम होता. वाचायचा तो साडेतीनला आलेला अंदाज. सकाळचा कागद चारला हातात धरायचा नाही.

आता त्याच्या मुलाबद्दल सांगते. एल्रिक, म्हणजे लॉरेटचा नवरा. त्याने नवी फायबरची बोट घेतली आणि बापाची जुनी लाकडी बोट किनाऱ्यावर नेऊन जाळली. जुन्या बोटी इथे जाळतातच, त्यात काही पाप नाही. पण याने बापाला न विचारता जाळली. म्हाताऱ्याला कळलं ते धूर बघून.

त्या दिवसापासून अबोला.

एका घरात, एका टेबलावर दोघे जेवायचे. मीठ हवं असलं तर म्हातारा लॉरेटला म्हणायचा, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ सरकव. आणि चारच्या हजेरीत अकरा नावं घेऊन थांबायचा. बारावं घ्यायचाच नाही. मग एल्रिक आपणहून बटण दाबून म्हणायचा, “मीपण ऐकलं, बाबा.”

म्हातारा रेडिओ बंद करायचा.

धक्क्यावरचे आधी त्याची थट्टा करायचे, आज तरी पटावर नाव आलं का रे तुझं, म्हणून. पुढे पुढे कुणी हसेना. दोन वर्षं हे असंच चाललं. ऑक्टोबरात म्हातारा आजारी पडला, तेव्हा एल्रिक तीन रात्री उशाशी बसून होता. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला आणि तसाच गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते हेच.

हजेरीचं काम लॉरेटकडे आलं.

त्या वर्षी नाताळाच्या आठवड्याचा अंदाजच वाईट होता. तीन वादळं, एकामागून एक. पंचवीसला एक, सत्तावीसला दुसरं, एकोणतिसाच्या पहाटे तिसरं. मध्ये अठ्ठावीसचा एक दिवस तेवढा मोकळा. सापळे सहा दिवस पाण्यात पडून होते. तिसऱ्या वादळाने ते खडकावर आपटून फुटले असते, म्हणून बाराही बोटी अठ्ठावीसला अंधारातच निघाल्या. रात्री दहापर्यंत परत यायचं ठरलं होतं.

एल्रिकचे सापळे सगळ्यांत लांब होते. यायला साडेतीन तास लागतात. सणाचे दिवस, खलाशी मिळेनात, तर हा पठ्ठ्या एकटाच गेला. लॉरेट चिडली होती त्याच्यावर. चिडूनच तिने डबा भरून दिला.

सकाळी दहाला तिने अंदाज वहीत उतरवला. वारा नैऋत्येचा, पंधरा नॉट. वादळ मध्यरात्रीनंतर.

दुपारी तिच्या आईकडे जेवण होतं. बटाटा किसून, त्यात कोंबडी घालून भाजतात तो पदार्थ, तो पोटभर खाऊन माणूस जागचा हलत नाही. लॉरेट घरी पोचली तेव्हा चारला दोन मिनिटं कमी होती. अंगातला कोटही तिने काढला नाही. वही उघडली आणि समोर होतं ते वाचलं.

सकाळचं.

मग नावं घेतली. पहिलं तिच्या धाकट्या भावाचं. “नॉर्मंड?”

काही नाही.

“क्लोव्हिस?”

नुसती खरखर...

अकरा नावं घेतली तिने. एकाचंही ‘ऐकलं’ आलं नाही. एरिअल पडलं की काय, असं वाटून तिने खिडकीतून डोकावून पाहिलं. एरिअल ताठ उभं होतं. शेवटी तिने बारावं नाव घेतलं.

“ऐकलं, लॉरेट.” एल्रिकचा आवाज स्वच्छ आला. “हवा झकास आहे. सापळ्यांची लांबची रांगपण उचलतो, मग येतो.”

तिला हायसं वाटलं. रेडिओ चालू आहे म्हणजे बाकीचे आळशीपणा करताहेत, असं ती मनाशी म्हणाली. तरी मन लागेना. चहा केला आणि तो तसाच गार झाला.

साडेपाचला बाहेर काळोख झाला होता. खाडीच्या तोंडाशी एक दिवा दिसला. मग दुसरा. मग तिसरा...

ती खिडकीशी उभी राहून मोजत होती. अकरा.

एवढ्या लवकर? आणि सगळ्या एकदम?

पायांवर बर्फ घेऊन नॉर्मंड तसाच घरात शिरला. थोडा रागावलेला होता, थोडा हसत होता. म्हणाला, “अगं, म्हाताऱ्याची टेप कुणी लावली? माझ्या हातातला सापळा पडला ना पाण्यात.”

“कसली टेप?”

“चारला. तुझा आवाज आलाच नाही. ओनेझिम वाचत होता. वायव्येचा वारा, सातपासून पंचेचाळीस नॉट, पाणी बोटीवर गोठणार, सगळ्यांनी घरी या. मग एकेकाची हजेरी घेतली. आम्ही ‘ऐकलं’ म्हटलं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण वळलो.”

ओनेझिमचा आवाज कुणी कधी भरून ठेवलेलाच नव्हता.

तिने हवामानाचा चॅनल लावला. साडेतीनचा अंदाज चालू होता. वायव्येचा वारा. सातपासून. पंचेचाळीस नॉट...

शब्द तेच. आकडे तेच.

“एल्रिक कुठाय?” तिने विचारलं.

“येत असेल मागून. चॅनल तर एकच आहे, त्यानेही ऐकलंच असणार.” आणि मग नॉर्मंडने तिच्या तोंडाकडे पाहिलं.

तिने बटण दाबलं. ते दोनदा सुटलं.

“एल्रिक, परत फीर. आत्ताच्या आत्ता. मी सकाळचं वाचलं रे. चुकलं माझं.”

“काय झालं?” तो म्हणाला. “इथे तर काही नाही.”

“बाकीचे आलेत. बाबांनी... तुझ्या बाबांनी त्यांना बोलावलं. नॉर्मंड इथे उभा आहे, विचार त्याला.”

खरखरीतून त्याने विचारलं,

“माझं नाव घेतलं?”

लॉरेटने भावाकडे पाहिलं. नॉर्मंडने मान खाली घातली.

“घेतलं,” ती म्हणाली. “सगळ्यांत शेवटी घेतलं.”

“मग मला कसं ऐकू आलं नाही गं?”

परत फीर, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेवटी निघतो, म्हणाला तो.

सातला वारा आला. घराच्या पत्र्यावर कुणी दगड मारावेत तसा. सात वाजून वीस मिनिटांनी एल्रिक एकदा बोलला. बोट जड झाली होती, तो हातोड्याने बर्फ फोडत होता. आवाज धापा टाकत होता. मग नाहीच.

वादळ दोन दिवस चाललं. एकतिसाला शोधायला गेलेल्यांना त्याच्या बोटीवरची जीवरक्षक रबरी होडी सापडली, फुगलेली आणि रिकामी. तो सापडला नाही. आजपर्यंत नाही.

लॉरेट अजून रोज चारला वाचते. साडेतीनचा अंदाज तीनदा तपासते. तिला कुणी दोष देत नाही, पण तीच देते स्वतःला, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. म्हाताऱ्याचं नाव तोंडून काढत नाही ती. मात्र एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, “अकरांची दया आली त्याला. स्वतःच्या रक्ताची नाही आली.”

मी त्या अकरांना वेगवेगळं गाठून विचारलं आहे. दहा जण एकच सांगतात. अकरा नावं, मग शांतता.

नॉर्मंडने मला निराळं सांगितलं, तेही गेल्या नाताळात, तिसऱ्या ग्लासानंतर.

त्याचं नाव पहिलं होतं, त्यामुळे पुढची हजेरी तो नीट ऐकत होता. अकरावं नाव झालं तरी म्हाताऱ्याने बटण सोडलं नव्हतं. रेडिओवर ते कळतं, खरखर थांबलेली असते. श्वास ऐकू येत होता... आत घेतलेला, मग थांबलेला. बोलायला तोंड उघडावं आणि शब्द फुटू नये, तसा. पाच मोजता आले असते एवढा वेळ.

मग बटण सुटलं.

लॉरेटला सांगू नकोस, असं नॉर्मंडने मला बजावलं आहे. तिला बरं वाटेल की आणखी वाईट, ते मला ठरवता येत नाही, म्हणून मीही अजून गप्प आहे. पण चार वाजले की भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू येतो. आताही ती बारा नावं घेते. अकरांची उत्तरं येतात, आणि बाराव्यानंतर ती बटण दाबून तशीच बसून राहते.