जवळजवळ तीच मैना

चाचणीपथाच्या टोकाला चार गाड्या ओळीनं उभ्या होत्या. तीन नव्या आणि एक जुनी. माळावर झाड नाही, सावली नाही. नुसता वारा आणि लांबवर पसरलेला काळा गुळगुळीत रस्ता. जुन्या गाडीच्या टपावर ऊन असं बसलं होतं, जसं तिथं रोजच बसत आलं होतं.

जुनीचं नाव मैना. आपल्या काळात ती गावोगावी टॅक्सी म्हणून धावली, लग्नाचे हार ल्याली, आजारी माणसं घेऊन पळाली आणि मग तिच्या जातीच्या सगळ्या भंगारात गेल्या; ही एक तेवढी चाचणीसाठी राखलेली. पेट्रोल बंद होऊन आता एक पिढी वाढली होती. तिच्याच नावाची, तिच्याच गोल दिव्यांची, विजेवर चालणारी नवी मैना कंपनीनं घडवली होती. शेजारच्या दोघी तिच्या स्पर्धक, झेप आणि टिटवी. तिघींत कोण सरस, हे विशाखा कोळेकर ठरवणार होत्या. वाहन-तुलना केंद्राच्या त्या मुख्य परीक्षक. त्यांचा अहवाल आला की शोरूमच्या दारात एक तर रांग लागायची, नाही तर शुकशुकाट.

विशाखाताईंच्या कपाळावर कापडी स्पंदपट्टी होती. मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी. त्या लहरी वाचायला कंपनीनं डॉ. फिरोजा इनामदार यांना पाठवलं होतं. मेंदूच्या अभ्यासक. बोलणं कोरडं, चहा गोड.

"झेप कशी वाटली?" फिरोजानं विचारलं.

"पळते. पण मागच्या बाकावर बसणाऱ्यानं पाय घरी ठेवून यावेत."

"आणि टिटवी?"

"टिटवीत काही खोट नाही. हीच खोट. उतरलं की गाडीतून उतरलो का लिफ्टमधून, कळत नाही."

"मैना?"

विशाखाताई मैनेतच बसल्या होत्या. नव्या मैनेच्या पत्र्याच्या डॅशबोर्डवरून, बारीक कडीसारख्या स्टिअरिंगवरून त्यांनी बोट फिरवलं. "ब्रेक जुनीपेक्षा कितीतरी बरे. वळते छोट्या गल्लीत. खड्ड्याला आधी नमस्कार करते, मग आत उतरते. मागची डिकी लहान आहे, तेवढे गुण कापीन. पण फिरोजाबाई, हिच्यात बसलं की..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आमच्या अण्णांची टॅक्सी होती हो. तासगाव ते मिरज. हिला तोच आवाज आहे. तोच तापलेल्या रबराचा वास."

"असणारच. डोकं टेकायच्या उशीत हीच पट्टी शिवलीय. गाडी तुमच्या मेंदूची नाडी बघते आणि आवाज, वास, थरथर जुळवत जाते. दर फेरीला थोडं जास्त."

"हुशार आहे बया," विशाखाताई हसल्या.

परीक्षकांची एक जुनी रीत होती आणि विशाखाताईंनी ती कधी मोडली नव्हती. आठवणीवर विसंबायचं नाही. आधी जुनी गाडी चालवायची आणि तिची ऊब अंगावर असतानाच थेट नवीत बसायचं. मध्ये चहा नाही, गप्पा नाहीत. म्हणजे फरक जसाच्या तसा कळतो. गेला आठवडाभर त्या रोज तशाच बसत होत्या. जुनी, मग मैना. जुनी, मग झेप. जुनी, मग टिटवी. आजही सकाळीच जुनीनंतर मैनेची फेरी झाली होती.

त्यांनी हातातला फोन लावला. "दादाला सांगते थांबा. त्याला पटायचं नाही." फोन बोलता ठेवून त्यांनी तो डॅशबोर्डवर उभा केला.

"काय गं विशा, आज सूर्य कुणीकडनं उगवला?" तासगावहून थोरल्या भावाचा, धनाजीदादांचा आवाज आला.

"दादा, आपल्या मैनेत बसलेय. नवी आहे, पण तंतोतंत तीच. पुढं अण्णा, डाव्या सीटवर आई, मधल्या खणात अण्णांचा पानाचा डबा, आणि मी मागं एकटी खिडकीपाशी..."

"मागं?" दादा मोठ्यांदा हसले. "मागं मी असायचो, पॅसेंजरच्या ट्रंका सांभाळत. तू मागं कधी बसलीस? मिरजेहून परतताना तू पुढं, दोघांच्या मधी उभी. आईच्या खांद्याला धरून. अन् मधला खण कुठला काढलास? पुढची सीट अखंड बाकडं होती की!"

विशाखाताई खाली उतरल्या. चार पावलांवर जुनी मैना उभी होती. त्यांनी तिच्या काचेतून आत पाहिलं. पुढं एकच लांब, अखंड बाक होता. सकाळी त्या त्याच बाकावर बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले. मनातल्या गाडीत मात्र, नव्या मैनेत असतात तशा, दोन वेगळ्या सीट होत्या, मध्ये खण होता, आणि त्या खणाच्या जागी पूर्वी कोण उभं होतं, याची खूणसुद्धा नव्हती.

त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून फिरोजानं स्पंदपट्टीच्या पडद्यावरून नजर उचलली.

"दादा," विशाखाताई हळू बोलल्या, "आईचं गाणं आठवतं तुला? येताना म्हणायची ते?"

"न आठवायला काय झालं? नातवंडं त्याबिगर झोपत न्हाईत."

"आईच्या आवाजात आठवतं?"



"न्हाई गं," दादा म्हणाले. "खरं सांगू? माझाच घोगरा आवाज येतो. पोरांना म्हणून म्हणून तिचा कधी पुसला, कळलंच न्हाई. तुझ्याकडं असंल बघ. ती गेल्यावर मावश्या एवढ्या मागं लागल्या, पण तू ते तोंडातनं काढलंच न्हाईस. नऊ वर्षाची पोर, ओठ मिटून बसायचीस. थांब, म्हणतो मी. तुझं तू ताडून बघ..."

फिरोजानं झडप घालून फोन बंद केला.

"अहो, काय करताय?"

"आधी उतरा. बाहेर चला. आणि काहीही आठवू नका."

दोघी चाचणीपथामागं रचलेल्या मालवाहू खोक्यांच्या सावलीत येऊन बसल्या. फिरोजानं समजावून सांगायला सुरुवात केली.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, कोळेकरबाई. आठवलं की ती मेंदूत ओली होते आणि पुन्हा सुकायला काही तास घेते. तुम्ही जमीन सारवलेली पाहिलीय ना? ओली असताना त्यावर जो पाय पडेल त्याचा ठसा वाळल्यावर राहतो. तसंच. याला आम्ही स्मृतीचं पुनर्लेपन म्हणतो."

"मग आपण रोजच काही ना काही आठवतो की."

"रोज आठवतो, पण दर वेळी ओली होत नाही. समोर जे आहे ते आठवणीहून अगदी वेगळं असलं, तर मेंदू त्याची वेगळी नोंद करतो. झेप, टिटवी त्यामुळं निरुपद्रवी. समोरचं हुबेहूब तेच असलं, तर मेंदूला काही नवं शिकायचंच नसतं. पण जवळजवळ तेच असलं, एक-दोन गोष्टी निराळ्या, तर मेंदूला वाटतं, अरे, माझीच नोंद चुकली. आणि तो जुनी नोंद दुरुस्त करतो. त्या बारीकशा फरकाचं आम्ही माप काढलंय. भेदांक म्हणतो आम्ही त्याला."

"आणि मैना त्या मापावर बेतलीय."

"लोकांना कुठला फरक सर्वांत गोड वाटतो, एवढंच कंपनीनं मला विचारलं होतं. गोड वाटतो तो नेमका हाच निघाला. गाडी पहिल्याच दिवशी आपली वाटते, कारण आपल्या लहानपणात ती आधीच जाऊन बसलेली असते."

विशाखाताईंनी काळ्या रस्त्याकडं पाहिलं. "मी आधी जुनीत बसायचे. तिनं आठवण ओली करायची. आणि लगेच नवीत. इतकी वर्षं आठवणीवर भरवसा नको म्हणून ही रीत पाळली मी."

"इतक्या शिस्तीत गिऱ्हाईक कधी बसणार नाही. तुम्हाला सगळ्यांत जास्त लागलं."

"आईचा आवाज गेला का?"

"ठाऊक नाही. बघायला जाऊ नका. सकाळची जमीन अजून ओली आहे. आता त्या गाण्याच्या जवळपासचं काहीही आत येऊ देऊ नका. तुमच्या भावाचं गाणंही नको. ते तर सगळ्यांत जवळचं. दिवेलागणीनंतर बघा."

विशाखाताईंनी मान हलवली. दादाकडं तो आवाज नव्हता. अण्णा कधीच गेले होते. त्या काळी टॅक्सीवाल्याच्या बायकोचं गाणं कुणी कशात भरून ठेवलं असतं? तो आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि त्या ठिकाणाकडं त्यांनी आता पाहायचंही नव्हतं.

कंपनीचे प्रकल्पप्रमुख हर्षद शिरोडकर दुपारी केंद्राच्या कचेरीत आले. पांढरा सदरा, बोलणं साखरेच्या पाकातलं. विशाखाताईंनी त्यांना बसू दिलं नाही.

"शिरोडकर, तुमची गाडी दोघींपेक्षा सरस आहे. तसंच लिहीन, मला खोटं लिहिता येत नाही. पण ती माणसाचं काय करते, तेही लिहीन. सही हवी असेल तर एक अट. प्रत्येक गाडीत ठळक सूचना पाहिजे. ज्याला आपली जुनी गाडी, जुनी माणसं मनात जपायची आहेत, त्यानं हिच्यात बसताना त्यांना आठवू नये."

त्यांना वाटलं, आता वकील येतील, फोन होतील.

"बरोबर आहे तुमचं, मॅडम," शिरोडकर म्हणाले. "नुसती सूचना कोण वाचतं? दार उघडलं की गाडी ती बोलून दाखवेल. मजकूर तुम्हीच द्या. फक्त गाडीच्या जुन्या बाजाला शोभेल असा. दोन ओळी, गावाकडच्या ढंगाच्या."

विरोधाची इतकी तयारी करून आलेल्या बाईला होकार मिळाला की हात मोकळे पडतात. विशाखाताई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. लोकांच्या तोंडी बसेल असं काही हवं होतं. आईचं गाणं आठवायचं नाही, आठवायचं नाही, असं घोकत त्या लिहीत होत्या. शब्द मिळाले ते वळणासकट मिळाले, जात्यावरच्या ओवीसारखे, आठ-आठ अक्षरांच्या पावलांनी:

मनातली मैना बाई मनातच राहू द्यावी,
हिच्यात बसता तिची याद मुळी न काढावी.

तासाभरात कंपनीच्या आवाजयंत्रानं त्याला चाल लावली, गळा दिला. शिरोडकरांनी तो नमुना खोलीत लावला. "मंजुरी तुमची हवी, मॅडम. तुमचेच शब्द आहेत."

एक स्वच्छ, गोड बाईचा आवाज खोलीभर पसरला. विशाखाताईंनी डोळे मिटून ऐकला. शब्द नीट कळतात ना, एवढंच त्या तपासत होत्या. पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदाही. मग अहवालावर सही केली.

तेवढ्यात फिरोजा दारात आल्या. शिरोडकरांनी नमुना चौथ्यांदा लावला, तो त्यांच्या कानावर पडला आणि त्या जागीच थांबल्या.

"हे गाडी दार उघडताच म्हणणार?"

"हो. कोळेकर मॅडमची अट," शिरोडकर म्हणाले.

"कोळेकरबाई, एखाद्याला म्हटलं, तुझी जुनी गाडी आठवू नकोस. तो पहिल्यांदा काय करेल?"

 उत्तर शिरोडकरांनी दिलं, अगदी शांतपणे.

"आठवेल. आणि मग आत बसेल. आत्तापर्यंत दहातल्या चारांना बसल्यावर काहीच आठवत नव्हतं, डॉक्टर. आमची तेवढीच अडचण होती." त्यांनी सही केलेला अहवाल उचलला. "मॅडमनी ती सोडवली."

शिरोडकर अहवाल घेऊन गेले. मग फिरोजानं विचारलं, "ही चाल कुठली?"

"मला काय ठाऊक? यंत्रानं लावली."

"यंत्र शब्दांच्या वळणावरून चाल काढतं. वळण कुठलं?"

विशाखाताई उठल्या. "बघू नका," असं फिरोजा म्हणाल्या, तोवर त्या बाहेर पडल्या होत्या.

माळावर दिवे लागले. त्या कुठल्याच गाडीत बसल्या नाहीत. चाचणीपथाच्या कडेला, उघड्या जमिनीवर बसल्या. वेळ पुरता टळू दिला, आणखी थोडा टळू दिला. मग कुणाच्या घराचं दार हलकेच लोटावं, तसं त्यांनी मन लोटलं.

मिरजेचा रस्ता होता. अण्णा होते. डावीकडच्या वेगळ्या सीटवर आई होती. तिनं पदर सावरला, खिडकीबाहेर पाहिलं आणि गायला सुरुवात केली.

आई छातीच्या दुखण्यासाठीच मिरजेला जायची, हे विशाखाताईंना ठाऊक होतं. ओळीच्या मध्यावर तिला धाप लागायची, अण्णा गाडी हळू करायचे, आणि दम परतला की ती उरलेली अर्धी ओळ पुरी करायची, हेही ठाऊक होतं. ठाऊक होतं, इतकंच. आता आई कुठंच थांबत नव्हती. स्वच्छ, गोड आवाजात, एकही अक्षर न गाळता, ती आपल्या लेकीला बजावत होती की मला आठवू नकोस.