टेकडीकडं तोंड

मी आजही कोंबडी स्वतःच साफ करते. तिच्या पोटातल्या पिशवीत बारीक खडे निघतात. दाणे दळायला तिनं गिळलेले. त्यामुळं यंदा येलदरी धरणाचं पाणी आटल्यावर गाळात मोठाली हाडं निघाली आणि त्यांच्यात गुळगुळीत खड्यांचा ढीग दिसला, तेव्हा मी म्हणाले, "हे पाखरू हाय."

"उंटायेवढं पाखरू, मावशी?" हाडं ज्याच्या जाळ्याला लागली तो भुजंग हसला. "एका अंड्यात गावजेवण व्हईल की!"

हाडं तपासायला पुण्याहून आलेल्या साहेबांनीही तेच सांगितलं. न उडणारा पक्षी, वीस हजार वर्षांपूर्वीचा. माझी नात धम्मशीला त्यांच्याच हाताखाली शिकते. ती आनंदानं रडली.

मला मात्र ती जागा ओळखीची होती.

धरणाआधी तिथं नदीकाठी आमचं शेत होतं. मी नऊ वर्षांची, धाकटी बहीण रेणुका पाच. मला टेकडीवर बोरं वेचायला जायचं होतं. ती मागं लागू नये म्हणून तिच्या हातात सोड्याच्या बाटलीतली हिरवी गोटी दिली.

"इथंच बस. मी येईस्तोवर हलू नको."

परतले तेव्हा भर दुपारी एकही पाखरू बोलत नव्हतं. ओल्या मातीत तीन बोटांचे ठसे होते, प्रत्येक ठसा माझ्या दोन वितींचा. रेणुका नव्हती. ठशांचं कोण खरं मानणार? मी घरी सांगितलं, नदीत वाहून गेली. आईनं मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

परवा दुपारी धम्मशीला खोदकामावरून आली. ओसरीवर बसली, पण चपला काढायची विसरली.

"आज्जी, पाखराच्या शेजारी माणूस निघालंय. त्याच थरात. बाई हाय."

"केवढी?"

"म्हातारी. तुझ्यायेवढी असंल."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"निजलेली?"

"न्हाई. मांडी घालून बसलेली. पाखराला टेकून."

"मुठीत काय हाय?"

तिनं चमकून पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

मी सूप खाली ठेवलं. तिनं मोबाइलवरचा फोटो पुढं केला. हाडांच्या बोटांत हिरवी काच. अंगठ्यानं चोळून चोळून एका बाजूनं सपाट झालेली.

अंगणातल्या कोंबड्या गप्प होत्या.

"तोंड कुणीकडं हाय तिचं?" मी विचारलं.

"टेकडीकडं."

बोरं वेचायला मी तिकडंच गेले होते.