बुरशी न धरलेला कोट

पावसाळा सरत आला की आम्ही दुकानामागची खोली उघडायचो. एरवी तिकडे कुणी फिरकत नसे. बंद पडलेली मशीनं, उरलेली अस्तरं आणि माझ्या थोरल्या भावाच्या काही वस्तू. दादा शिंपी होता, मीही शिंपीच. तो आजारपणात गेला. पुढे वडीलधाऱ्यांनी सुचवलं, वहिनीनंही होकार दिला आणि आमचं लग्न झालं. संसार नीट चालला होता. फक्त कामाच्या घाईत कधीतरी तिच्या तोंडून "भाऊजी" निघून जाई. ती जीभ चावायची, मी हसायचो. पण आत कुठेतरी टाचणी टोचल्यासारखं व्हायचं.

त्या दुपारी दार उघडलं आणि कुबट वास अंगावर आला. कपाट भिंतीला चिकटून होतं. ते पुढे ओढलं, तर मागे भिंतभर काळी बुरशी. चामड्याची बॅग हिरवी पडलेली, अस्तरं बोट लावताच फाटत होती. आणि या सगळ्यात, खुंटीला, दादानं तिच्यासाठी शिवलेला लोकरीचा कोट... कोरा करकरीत.

मी हात लावला. कोट कोरडा होता. आणि उबदार. कुणीतरी नुकताच अंगातून काढून टांगावा तसा.

"तू घालतेस का हा?"

"नाही हो. आता अंगाला होतसुद्धा नाही." तिनं त्याच्या बाहीवरून हात फिरवला. फार हळू. माझ्या शर्टाला बटण लावताना तिचा हात असा कधी रेंगाळला नव्हता.

मी ईर्ष्येनं कामाला लागलो. भिंत खरवडून धुतली, सामान उन्हात टाकलं, गंजलेली खिडकी ठोकून उघडली. कपाट वीतभर पुढे ठेवलं, कोपऱ्यात ओल शोषायला कळीचा चुना ठेवला. आणि मी तिच्यासाठी नुकताच शिवलेला कोट दादाच्या कोटाशेजारी टांगला. म्हटलं, बघू तरी.

सकाळी माझा कोट कॉलरपासून काठापर्यंत पांढऱ्या लवेनं भरला होता. दादाचा तसाच स्वच्छ. चुन्याच्या भांड्यात पाणी काठोकाठ.

"हा देऊन टाकू या," मी म्हणालो.

"राहू द्या ना... आपलं काय जातंय?"

"मग एवढ्या ओलीत तो उबदार कसा राहतो, सांग."

ती माझ्याकडे नाही, कोटाकडे बघत राहिली. तेवढं मला पुरलं. तो कोट मी त्याच दिवशी जुने कपडे नेणाऱ्याला दिला. जेवण वाढताना तिनं मान वर केली नाही.

खोली मात्र सुकली. भिंतीवर पुन्हा एक ठिपका उठला नाही. खिडकीतून वारा खेळायचा, वास गेला, चुना कोरडाच राहायचा. मला वाटलं, मी जिंकलो.

मग गेल्या आठवड्यात ती ओट्यापाशी भांडी विसळत होती. लख्ख ऊन होतं. तिच्या गाऊनवर, पाठीमागे, मला निळी रेघ दिसली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. शिंप्याच्या खडूची. सराईत हातानं, एका झटक्यात ओढलेली.

"माप कुणी घेतलं तुझं?"

"माझं? कुणी नाही. असं काय विचारताय?"

माझ्या दुकानात खडू पांढरा असतो. निळा दादा वापरायचा. मी तो गाऊन स्वतः धुतला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाऊनवर कमरेची खूण. त्यानंतर दोन्ही बाह्या. मी दुकान बंद ठेवून तिच्या मागेमागे फिरलो. घरात कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. डोळ्याला डोळा लागला तेवढाच काय तो वेळ.

"तुला काही जाणवतं का गं?" मी शेवटी विचारलं.

ती लाजल्यासारखी म्हणाली, "पाठीला गार बोटं लागल्यासारखं होतं... पण वाईट नाही वाटत."

आज सकाळी कॉलरखाली, मणक्यावर, उंचीची खूण होती. मी शिंपी आहे, मला कळतं. कोटाची सगळी मापं झाली आहेत. आता फक्त गळ्याचं राहिलंय.