करंगळीवरचं नाव

देवयानी पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा मला वाटलं, पार्सल घेऊन आली आहे. मी सही करायला पेन मागितलं.

"सही नको," ती म्हणाली. "पाच मिनिटं हवीत."

दारावरचं नाव वाचून ती मराठीतच बोलली होती. तिच्या छत्रीतलं पाणी माझ्या पायपुसण्यावर गळत होतं. अमेरिकेतल्या या रेडमंडमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल असंच असतं, त्यामुळे पावसाबद्दल कुणी काही बोलत नाही. आम्हीही बोललो नाही.

ती एका संस्थेत काम करायची. ज्या घरात मुलांना धोका आहे त्या घरी दर आठवड्याला जायचं, आईशी बोलायचं, मुलांसोबत बसायचं. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये प्रतिमा आणि तिची सहा वर्षांची अनिका राहायच्या. प्रतिमाचा नवरा संग्राम तिला मारायचा. कोर्टाने त्याला त्या घरी यायला बंदी केली होती. हे सगळं मला त्याच दिवशी कळलं. दोन वर्षं एका भिंतीपलीकडे राहून मला काही माहीत नव्हतं.

देवयानीने एक कागद दाखवला. त्यावर अनिकाने आपला पंजा ठेवून पेन्सिलने गिरवला होता. घरात भीती वाटली तर कुणाकडे जायचं, ते एकेका बोटावर लिहायचं. अंगठ्यावर शाळेतल्या बाई. करंगळीवर मी. ज्याचं नाव येईल त्याला भेटून, तो तयार आहे का, हे विचारायचं असतं.

मी विचारलं, "पण माझंच नाव का?"

"मीही विचारलं तिला. म्हणाली, ही डझन्ट आस्क मी स्टफ."

"म्हणजे मी काही विचारत नाही म्हणून."

"हो. बायकांना सहसा नाही आवडत हे," ती म्हणाली. "मुलांना आवडतं."

मी तयार आहे म्हणालो. अनिकासाठीच म्हणालो... पण ती गेल्यावर बराच वेळ दार उघडंच ठेवलं.

दर गुरुवारी प्रतिमाकडून निघताना ती माझ्या दारात दोन मिनिटं थांबायची. सगळं ठीक ना, काही दिसलं का, ऐकू आलं का, एवढंच विचारायची. मी गुरुवारच्या मीटिंग कॅन्सल करायला लागलो. आलं घालून चहा ठेवायचो. ती घ्यायची नाही. नियमच होता. एखाद्या घराची फाइल उघडी आहे तोवर त्या घरातल्या कुणाशी किंवा पंजावरच्या यादीतल्या कुणाशी चहा नाही, भेटवस्तू नाही, मैत्री नाही.

"वास घेतलेला चालतो?" मी एकदा विचारलं.

"वासाबद्दल नियमात काही नाही."

मग ती कपातला चहा गार होईपर्यंत दारात उभी राहिली. नागपूरच्या उन्हाबद्दल बोलली, आईबद्दल बोलली. बोलताना गळ्यातलं ओळखपत्र उलटसुलट फिरवत होती. "काय करंगळी, येते मी," असं म्हणून गेली. माझं नाव तिला माहीत होतं, पण त्या दिवसापासून करंगळीच म्हणायला लागली.

नोव्हेंबरच्या शेवटी ती म्हणाली, "पंधरा डिसेंबरला फाइल बंद व्हायची आहे." हे तिने जिन्याकडे बघत सांगितलं.

"सोळाला शनिवार आहे," मी म्हणालो.

"कॅलेंडर माझ्याकडेही आहे."

पाच डिसेंबरला खाली कपडे धुवायच्या खोलीत अनिका भेटली. मी नेहमीसारखं काही विचारलं नाही. तिनेच सांगितलं. डॅडी परत राहायला आलाय. आणि ती आता बाथरूममध्ये झोपते, कारण त्या दाराला आतून कडी आहे.

प्रतिमा दारातून आत येत होती. तिने ऐकलं. अनिकाला वर पाठवून ती हळू आवाजात म्हणाली, "केदारदादा, दहा दिवस राहिलेत. तो पीत नाही आता. बंद होऊ दे ना फाइल."

मी लगेच फोन केला असं सांगायला मला आवडलं असतं. मी केला नाही. एक रात्र आणि अर्धा दिवस मी सोळा तारखेचा विचार केला. प्रतिमा म्हणते तर खरंही असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. मग जेवणाच्या सुटीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो आणि देवयानीला फोन लावला.

कधी, कुणी सांगितलं, तिचे शब्द काय होते, असं ती कामाच्या आवाजात विचारत गेली. टायपिंग ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

"हे लिहिलं की फाइल बंद होणार नाही. कमीत कमी सहा महिने. आणि तुम्ही आता साक्षीदार... मला तुमच्या दारातही थांबता येणार नाही."

"माहीत आहे."

"माहीत असून फोन केलात."

"ती बाथरूममध्ये झोपते, देवयानी."

त्याआधी मी तिला नावाने हाक मारली नव्हती. काचेवर पाऊस वाजत होता.

"लिहिते," ती म्हणाली. मग अगदी हळू — "सोळासाठी निळा कुर्ता इस्त्री करून ठेवलाय मी."

फोन ठेवल्यावर मी गाडीतच बसून राहिलो.

संध्याकाळी पोलीस आले आणि संग्रामला घेऊन गेले. प्रतिमा चार महिने माझ्याशी बोलली नाही. देवयानी गुरुवारी यायचीच. जाताना तिची पावलं माझ्या दारापाशी हळू व्हायची. थांबायची नाहीत. मी आत, दाराला हात लावून उभा असायचो. असे तीस गुरुवार गेले. मधे एकदा, मे महिन्यात, प्रतिमा स्वतः दार वाजवून सांगून गेली की अनिका आता तिच्या खोलीत झोपते, दिवा मालवून.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी फाइल बंद झाली. शनिवारी सकाळी देवयानी आली आणि न विचारता आत येऊन बसली. ऑक्टोबरमध्ये आम्ही लग्न केलं.

एकदा मी तिला विचारलं, मी फोन केला नसता तर? ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तर सोळाला आले असते," ती म्हणाली. "खूप खूश असते रे. आणि कधीतरी मला पोरीचं कळलं असतं... मग तुझ्याकडे बघता आलं नसतं."

देवयानीला जाऊन चौदा महिने झाले. लग्नाची वर्षं सहा, पण दाराआडचे ते सहा महिनेही मी आमच्यातच धरतो. तेव्हा ती भिंतीपलीकडे तरी होती.